शेंदूर, काजळी आणि लेसरचा झोत

आमच्या लालबर्‍याकडे ‘सिंदूर’ म्हणा की ‘शेंदूर’ म्हणा, दोन्ही सारखेच कळतात. घरात मराठी, बाजारात हिंदी हा वैनगंगेच्या या खोर्‍याचा रिवाजच. पारावरच्या मारुतीवर तेल-शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढतात आणि मूळ नाकडोळे दिसेनासे होतात. जीर्णोद्धाराची हौस वाढल्यापासून मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : परदेशात म्हणे लेसरने मूर्ती स्वच्छ करतात, मग आपल्याकडे का नको?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचा इतिहास पाहिला पाहिजे. पहिला लेसर 1960 साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून चालवला. पुढे 1972 साली जॉन ॲस्मस हे भौतिकशास्त्रज्ञ व्हेनिसला गेले. तिथल्या झिजत चाललेल्या शिल्पांच्या होलोग्राफीच्या पद्धतीने त्रिमिती प्रतिमा घेणे, एवढेच त्यांचे काम. पण लेसरचा झोत काजळलेल्या संगमरवरावर टाकला तेव्हा काळा थर उडाला आणि खालचा दगड शाबूत राहिला. व्हेनिसच्या धुरातल्या गंधकाने संगमरवराचा पृष्ठभाग जिप्सम होतो व त्यात काजळी अडकते. काळा रंग प्रकाश शोषतो, क्षणात तापतो आणि उडून जातो. पांढरा दगड तोच प्रकाश परतवतो. सारी किमया या भेदात आहे.

घाईच्या सफाईने काय होते, हे युरोपने आधीच भोगले होते. 1937-38 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे ‘पांढरी’ दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासली गेली. गेलेला पृष्ठभाग परत आला नाही. अथेन्समध्ये मात्र या शतकात त्याच मंदिराच्या शिल्पांवर लेसर वापरताना आधी चाचण्या झाल्या. नुसत्या अवरक्त किरणांनी दगड पिवळसर दिसतो, म्हणून जोडीला जंबुपार किरण घेतले गेले. आपल्याकडचा धडा अजिंठ्याचा. 1920 नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करवली; त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची वर्षे गेली.

आता आपला मारुती. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. लेसरखाली असे शिशाचे रंग उडण्याऐवजी काळवंडतात. त्यातून आपल्याकडे मूर्ती पुष्कळदा काळ्या पाषाणाची. म्हणजे मळ आणि दगड यांतला काळ्या-पांढर्‍याचा भेदच उरत नाही. जे व्हेनिसला वरदान, ते पारावर घातक ठरू शकते.

मग उपाय नाही का? आहे. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवण्यात आला. त्यासाठी जुलैपासून सुमारे दीड महिना गाभार्‍यातले दर्शन बंद होते. भाविकांनी कळ काढली, म्हणून मूळ रूप दिसले. यंत्रापेक्षा सबुरी मोठी, ती अशी.

खेडोपाडी मात्र सबुरीऐवजी ॲसिड, तारेचा ब्रश आणि शेवटी ऑइल पेंट येतो. हेतू भक्तीचाच असतो. पण मुकुटाची घडण, आयुधे, पीठावरची अक्षरे एका दुपारीत नाहीशी होतात. वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण आपल्याला कळतो तो बालाघाटच्या ताम्रपटावरून. तो ताम्रपट कुणी भांडे समजून घासून-वितळवून टाकला असता तर? आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यांचा इतिहास राजधान्यांच्या ग्रंथांत थोडा आणि अशा दगडा-तांब्यावर अधिक आहे. 1956 साली प्रांतांच्या रेषा बदलल्या. दगड जागचे हलले नाहीत.

म्हणून गावकर्‍यांना विनंती एवढीच. जीर्णोद्धाराची सभा भरली की आधी मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा आणि जाणकार येईपर्यंत हात लावू नका. शेंदूरही आजोबा-पणजोबांच्या हातचा आहे. तो काढायचा की ठेवायचा, हे गावाने विचारपूर्वक ठरवावे. शेंदूर पुन्हा चढवता येतो. गेलेली रेघ पुन्हा कोरता येत नाही.