विजयदुर्गाचे ओटे आणि हेलियम

१९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत असलेल्या विजयदुर्गाच्या किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात. १८६८ सालीं लॉकियरसाहेबानें येथूनच सूर्यग्रहण पाहून हेलियम वायूचा शोध लाविला, असें आमच्याकडे अभिमानानें सांगतात. ही कथा कालाच्या कसोटीस उतरत नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं लॉकियर इंग्लंडांत होता. गुंटूरास होता तो जान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी. पुढें २० ऑक्टोबरास लॉकियरनें ग्रहणावांचूनच सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें. त्यांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशीं जुळेना. त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर तें रॅम्झेला १८९५ सालीं एका खनिजांत सांपडलें. लॉकियर विजयदुर्गास आला तो त्याहीनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास.

मग किल्ल्याचें महत्त्व उणें झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते. म्हणूनच सूर्याचें आणि दूरच्या ताऱ्यांचेंही द्रव्य येथें बसून ओळखतां येतें. त्याच विद्येसाठीं लॉकियरनें येथें आरमारी खलाशी हाताशीं धरून ग्रहणाच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. ज्या शास्त्रानें रेषेच्या जागेंतील सूक्ष्म अंतरही सोडलें नाहीं, त्याचा गौरव तीस वर्षांची गफलत करून कसा होईल? ओट्यांपाशीं खरें साल सांगावें. तेवढा अभिमान पुरेसा आहे.