अमीन सयानी : नकारापासून गीतमालेपर्यंत



वर्गात उभे राहून चार वाक्ये बोलायची वेळ आली की आमची कित्येक मुले मान खाली घालतात. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी. कोणी हसेल ही धास्ती! अशा मुलांना अमीन सयानी यांच्या उमेदवारीच्या दिवसांची हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. थोरले बंधू हमीद सयानी आकाशवाणीवर इंग्रजी कार्यक्रम सादर करीत. त्यांचे बोट धरून अमीन लहानपणीच मुंबई केंद्रात गेले आणि इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागले. पुढे हिंदी निवेदनासाठी त्यांनी चाचणी दिली, तेव्हा मात्र नकार मिळाला. वाचन चांगले, पण उच्चारांवर गुजराती व इंग्रजीची छाप आहे, असे कारण सांगण्यात आले.

अमीन खचले नाहीत. हमीदभाईंच्या सल्ल्याने ते रेडिओ सिलोनसाठी मुंबईत होणाऱ्या हिंदी ध्वनिमुद्रणांना जाऊन बसू लागले. ऐकणे, टिपणे आणि जीभ वळवणे, हाच त्यांचा अभ्यास.

याच सुमारास, १९५२ साली, नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना ओहोटी लागली आणि श्रोते कोलंबोकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लिहायचे, सादर करायचे आणि पत्रेही तपासायची. मोबदला आठवड्याला २५ रुपये! अनुभवी मंडळींना हे परवडणारे नव्हते. विसाव्या वर्षातल्या अमीनने ते काम आनंदाने पत्करले. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला.

ही भाषा त्यांना कोठे मिळाली? पालकहो, ती घरात मिळाली. मातोश्री कुलसुम सयानी यांनी साक्षरता प्रसाराला वाहून घेतले होते. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत काढीत. भाषा मात्र एकच, कोणालाही समजेल अशी सोपी हिंदुस्तानी. अमीन त्या कामात आईला हातभार लावीत. आपल्या सोप्या बोलीचे श्रेय ते पुढे याच कामाला देत. संस्कृतप्रचुर हिंदी नाही, की जड उर्दू नाही. घराघरांत समजेल असे बोलणे त्यांनी तेथे उचलले.

२००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते निवर्तले.

मित्रांनो, उच्चारातला दोष मेहनतीने सुधारतो. मात्र त्या दोषाच्या भीतीने जो तोंडच उघडत नाही, त्याला कोण सुधारणार? आणि पालकहो, मुलाच्या हाती रोज एक वर्तमानपत्र द्या, ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते ऐकू द्या. तिला समजले, तर मुलगा बरोबर वाचतो आहे असे खुशाल समजा.