पडवीतला डोळा

यंदा दिवेआगरच्या घराच्या पडवीत कॅमेरा बसवला. राउटरला जोडला, मेमरी कार्ड घातलं आणि मुख्य म्हणजे कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला. तो तसाच ठेवलेल्या हजारो कॅमेऱ्यांचा ताबा २०१६ साली ‘मिराई’ने घेतला होता! आता पुण्यात बसून सुपारीची वाडी दिसते. मी खुशीत. आई म्हणाली, "दिसेल रे, पण धावणार कोण?"

आणि मला आमचा सुवर्णगणेश आठवला. जगातला पहिला नेटवर्क कॅमेरा ॲक्सिस या स्वीडिश कंपनीने १९९६ साली आणला. पुढच्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९९७ला, गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा! कुणीतरी मातीच्या भरवशावर ठेवलेला, आणि मातीने तो सांभाळला. आम्हाला पंधरा वर्षंही जमलं नाही. २४ मार्च २०१२ला देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकरी मारले गेले. मुखवटा वितळवला गेला.

नोव्हेंबर २०२१मध्ये नवा मुखवटा बसला. सोनं पुन्हा घडवता येतं... ते दोघे नाही आले परत.

कॅमेऱ्याचा इशारा आता शेजारच्या काकांच्या फोनवरही जातो. त्यांना बजावलंय, "काका, रात्री वाजला तर एकट्याने बाहेर पडायचं नाही. दार लावून आधी ११२ला फोन. पंप गेला तर जाऊ दे."

काका हसले. पण धावणारच, मला माहीत आहे. असो.