इयान कर्टिसनंतर गाणार कोण?

फौजेत कमांडर पडला तर कमान कोणाकडे जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’मध्ये तसं काही ठरलेलं नव्हतं. १८ मे १९८० ला, अमेरिका दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, गायक इयान कर्टिसनं आत्महत्या केली. वय अवघं २३. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ नाव घेतलं. कीबोर्डवर गिलियन गिल्बर्ट आली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पहिला अल्बम आला, ‘मूव्हमेंट’. निर्माता जुनाच, मार्टिन हॅनेट. पण गाणार कोण? दोन गाणी बास वाजवणाऱ्या पीटर हुकनं गायली, बाकीची गिटारवाल्या बर्नार्ड समनरनं. अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. मला मात्र समनरचा तो दबका, चाचपडणारा आवाजच खरा वाटतो. सुतकात कोणी खणखणीत गातं का? ‘ब्लू मंडे’वर लोक नाचले ते पुढे, १९८३ मध्ये.