रिकाम्या पेटीचे छायाचित्र

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचे छायाचित्र आहे. पेटीच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या आणि स्विचांच्या ओळी, नाव 'अल्टेअर ८८००'. सुटे भाग मागवून घरी जोडायचा हा संगणक ३९७ डॉलरला मिळणार होता. संगणकाच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत हे मुखपृष्ठ आपल्याला भेटते.

गंमत अशी, की ती पेटी आतून रिकामी होती. अल्बुकर्की येथील मिट्स या कंपनीने तयार केलेला खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवला, तो वाटेतच गहाळ झाला. अंक छापण्याची वेळ तर आलेली. मग नुसते दर्शनी दिवे-स्विच असलेली पेटी पुढे केली गेली आणि तिचाच फोटो निघाला. ही हकीकत पुढे संबंधितांच्या आठवणींतून कळली.

आम्ही जुनी संगणक-मासिके जमवू लागलो ती या गोष्टीमुळे. छापलेला पुरावा खोटा निघतो, मग तो जपायचा कशाला, असे कोणी विचारील. पण ही रिकामी पेटी पाहूनच माणसे कामाला लागली. पॉल अ‍ॅलन या तरुणाने हार्वर्ड चौकातल्या वृत्तपत्रांच्या दुकानात तो अंक घेतला आणि मित्राला, बिल गेट्सला नेऊन दाखवला. दोघांनी त्या यंत्रासाठी बेसिक ही भाषा लिहिली, तीही स्वतः ते यंत्र न पाहता. काहीशे संच खपले तरी पुरे, अशी अपेक्षा धरून बसलेल्या मिट्सकडे हजारो मागण्या आल्या. त्या पैशांत मिळणारी स्मृती होती अवघी २५६ बाइट. आजच्या युनिकोड पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळी धरून, ३ बाइट घेते. म्हणजे त्या यंत्रात मराठीची अवघी ८५ चिन्हे मावली असती!

सप्टेंबर १९७५ मध्ये 'बाइट' निघाले, ते जुलै १९९८ पर्यंत चालले. भरभराटीच्या काळात त्याचे काही अंक पाचशे पानांहून जाड असत. पण अशा मासिकांतले लेख आम्ही आता सर्वांत शेवटी वाचतो. आधी जाहिराती, मग वाचकांची पत्रे, मग चुकांची दुरुस्ती. लेखात लेखकाला काय वाटत होते ते कळते. स्मृतीची चिप त्या महिन्यात केवढ्याला मिळत होती, ते मात्र जाहिरातच सांगते.

एक अडचण सर्वांनाच होती. बंद केले की यंत्र सगळे विसरे. ध्वनिमुद्रणाच्या साध्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवावा तर प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. तेव्हा नोव्हेंबर १९७५ मध्ये 'बाइट'नेच कॅन्सस सिटीला बैठक बोलावली. तेथे ठरले ते असे: '१' साठी २४०० हर्ट्झच्या सुराची आठ आवर्तने, '०' साठी १२०० हर्ट्झची चार, सेकंदाला ३०० बिट. एखादे मासिक असे प्रमाण ठरवायला पुढे येते, हे आज नवल वाटते. मे १९७७ मध्ये 'इंटरफेस एज' या मासिकाने तर पातळ प्लास्टिकची ध्वनिमुद्रिकाच अंकासोबत दिली. ती ग्रामोफोनवर लावायची, आवाजाची तार संगणकाला जोडायची, की काही मिनिटांत बेसिक भाषा यंत्रात शिरे. जुना अंक विकत घेताना ही तबकडी आत आहे ना, ते पाहावे; अनेकदा ती नसते.

बाकी सारे प्रोग्रॅम कागदावर छापलेले असत आणि वाचक ते बघून टंकत. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो आले. तेव्हा शिकवत असलेल्यांना बेसिकच्या क्रमांक घातलेल्या ओळी आठवत असतील. याच यंत्रासाठी इंग्लंडमध्ये १९८२ पासून 'एकॉर्न यूजर' निघत होते आणि त्यातही असे प्रोग्रॅम येत. चार पाने टंकायची आणि एक स्वल्पविराम चुकला की सगळे ठप्प. चूक आपली की छापखान्याची, हे कळायला पुढच्या अंकाची वाट पाहायची. आमच्या मते त्या पिढीतले पुष्कळजण प्रोग्रॅम लिहायला शिकले ते ही चूक शोधतानाच.

यावर 'कॉम्प्यूट!' या मासिकाने १९८३ मध्ये एक उपाय काढला, तो वर्गात करून पाहण्याजोगा आहे. आधी एक छोटा तपासनीस प्रोग्रॅम टंकून घ्यायचा. मग प्रत्येक ओळ संपली की पडद्यावर एक आकडा उमटे. अंकात त्या ओळीसाठी छापलेल्या आकड्याशी तो जुळला तर पुढे जायचे. आकडा काढायची पद्धत सोपी: प्रत्येक अक्षराला संगणकात एक संकेतांक असतो (रोमन 'ए' चा ६५, 'बी' चा ६६), त्यांची बेरीज करायची.

पण मुलांना विचारा, ही तपासणी कोणती चूक पकडणार नाही? 'एबी' ऐवजी 'बीए' टंकले तरी बेरीज १३१ च. घाईत टंकताना हीच चूक फार होते. मासिकाने १९८६ मध्ये तपासनीस बदलला आणि अक्षरांची अदलाबदलही पकडता येऊ लागली. फळ्यावर याचा सोपा नमुना असा करता येतो: पहिल्या अक्षराचा अंक एकने गुणायचा, दुसऱ्याचा दोनने. आता 'एबी' चे १९७ येतात, 'बीए' चे १९६. बँकेच्या कार्डाचा आणि पुस्तकावरील आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक याच जातीच्या युक्तीने काढलेला असतो.

हे दोन तपासनीस मागेपुढे ठेवून पाहायचे तर दोन्ही वर्षांचे अंक पूर्ण हवेत. इथेच घोडे अडते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्हाला जुन्या अंकांचे बांधीव खंड मिळाले, तेव्हा झालेला आनंद पाच मिनिटे टिकला. बांधणी करताना जाडी कमी व्हावी म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली होती. कोणाचा दोष नव्हता. तशी रीतच होती, आणि ती इतर देशांतही होती.

'बाइट'सारख्या मासिकांच्या प्रती 'इंटरनेट अर्काइव्ह' वर आता पाहता येतात. मात्र दुर्बीण घेऊन बसावे अशी बारीक छपाईची प्रोग्रॅमची पाने तिथे कधी कधी पुसट दिसतात, आणि तीन आहे की आठ, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून कागदी अंक आम्ही टाकत नाही. शाळेच्या माळ्यावर असे गठ्ठे सापडले तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी एकदा चाळावेत. गंजलेल्या पिना अलगद काढाव्यात, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, आणि भिजलेली गुळगुळीत पाने वाळण्याआधीच एकेक सुटी करावीत. वाळली की ती एकमेकांना चिकटून बसतात आणि मग सुटत नाहीत. पानांच्या कडेला कोणी पेन्सिलीने आकडे दुरुस्त केलेले असतील, तर ते खोडू नयेत.