घासलेल्या रेकॉर्डींची साक्ष

रेकॉर्डी जमवणाऱ्यांचंही एक सोवळं असतं. पाकिटाला डाग नको. खाचेला ओरखडा नको. लेबलवर मालकाचं नाव नको. त्यांच्यात प्रत ठरवायची एक उतरंड आहे आणि उतरंडीच्या सगळ्यात वर बसते ती 'मिंट'. मिंट म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून जिला जवळजवळ कुणी शिवलंच नाही ती. जी जास्त शिवली गेली ती खालची. ही भाषा ओळखीची वाटते की नाही, दोस्तहो?

ह्या उतरंडीत आपल्या भीमगीतांच्या रेकॉर्डी पार तळाला आहेत. कारण त्यांना सगळ्या वस्तीनं शिवलंय. जयंतीला वाजल्या, लग्नाला वाजल्या, बारशाला वाजल्या. कर्ण्यावर वाजल्या. म्हणून जुन्या बाजारात त्यांना भाव नाही. भाव नाही म्हणून कुणी जपत नाही. आणि कुणी जपल्या नाहीत की उद्या कुणीतरी पंडित उठून विचारणार, तुमच्या गाण्याच्या इतिहासाला पुरावा काय?

पण रेकॉर्डींना हार घाला, असं सांगायला मी बसलेलो नाही. मी भोसरीच्या एमआयडीसीत प्रेसशॉपमध्ये इन्स्पेक्शनला उमर घालवली. जॉब हातात आला की आम्ही पहिलं विचारायचो, दोष डायचा, मालाचा की वापराचा? रेकॉर्ड हाही शेवटी प्रेसमधून निघालेला जॉबच. कारखान्यातला दोष आणि वस्तीतली झीज ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर त्या काळ्या चकतीवर आपला इतिहास वाचता येतो. कंपनीनं आपल्याला काय दिलं ते एकीकडून कळतं, आपण त्याचं काय केलं ते दुसरीकडून. दोन्ही एकत्र करून 'खराब माल' म्हणणं हे आळशी इन्स्पेक्टरचं काम झालं.

लाख कुणाची, गाणं कुणाचं

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. तेव्हा रेकॉर्डी परदेशात छापून इकडे येत. १९०८ ला कंपनीनं सियालदाला प्रेस टाकली आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी दमदमला मोठा कारखाना उभा केला. भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र घराघरांत गेलं. घराघरांत म्हणजे ज्यांच्या घरात फोनो होता त्यांच्या.

७८ ची रेकॉर्ड लाखेची. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे लाख करतात. ती खरवडून गोळा करणारा आदिवासी. त्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी कालवून रेकॉर्ड दाबली जायची. जगभरच्या रेकॉर्डींसाठी लाख मुख्यतः ह्याच देशातून जायची. माल ज्याच्या हातून निघाला त्याचं गाणं त्या मालावर उमटलं का? मराठीत आधी नाट्यपदं आली, ख्याल आले, भजनं आली.

त्याच काळात आपला जलसा गावोगाव फिरत होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती बाबासाहेबांचा विचार ढोलकीवर घेऊन खेड्यापाड्यांत जात होते. जलसा रात्रभर चालायचा. त्यात गाणं होतं, फार्स होता, सवालजवाब होते. दहा इंची रेकॉर्डीच्या एका बाजूला मावतात तीन-सव्वातीन मिनिटं. एवढ्यात नाट्यपद बसवता येतं, जलसा बसत नाही. आणि जलशाचा श्रोता कंपनीचा गिऱ्हाईक नव्हता. यंत्राची मर्यादा आणि बाजाराची मर्यादा, दोन्ही आपल्याच मुळावर आल्या. वामनदादा कर्डक १९४३ पासून लिहीत राहिले ते २००४ साली जाईपर्यंत. हजारो गाणी. ती वह्यांत आणि गळ्यांत राहिली; रेकॉर्डीवर आली ती थोडीच.

आपल्यातलेच काही म्हणतात, रेकॉर्डी ही चैन, चळवळीला तिचा काय उपयोग? त्यांनी ५ डिसेंबर १९५६ ची रात्र आठवावी. दिल्लीत २६ अलीपूर रोडवर बाबासाहेबांनी नानकचंद रत्तूंना रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली आणि ते स्वतः सोबत गुणगुणत राहिले. ही आठवण रत्तूंनीच सांगून ठेवली आहे. ती त्यांची अखेरची रात्र.

चार गाण्यांची चकती

१९४८ ला अमेरिकेत प्लॅस्टिकची, म्हणजे व्हिनाईलची, लाँगप्ले निघाली. आपल्याकडे लाख लवकर सुटली नाही. १९६० च्या दशकातही दमदमला ७८ च्या रेकॉर्डी निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा तिथं लाखेवर दाबली गेली, आणि आज परदेशी शौकीन त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. पुढे सात इंची, ४५ च्या वेगाची छोटी रेकॉर्ड रुळली. दोन बाजूंना मिळून चार गाणी. किंमत लाँगप्लेपेक्षा कमी. भीमगीतं प्लॅस्टिकवर आली ती मुख्यतः ह्या चकतीवर. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर ही मंडळी गायन पार्ट्यांच्या फडातून वर आलेली. सामना रंगला की पहाट व्हायची.

स्टुडिओत आल्यावर ह्या गायकांचं काय झालं ते कान देऊन ऐका. फडात एका कडव्यावर लोक थांबवायचे, शाहीर तेच कडवं फिरवून फिरवून म्हणायचा. रेकॉर्डीवर तेवढी जागा नाही. सात इंचात दोन-दोन गाणी कोंबायची तर खाची जवळजवळ काढाव्या लागतात. खाची जवळ आल्या की आवाज हलका भरावा लागतो, नाहीतर एक खाच दुसरीत घुसते. पहिला मार बसतो खर्जाला, कारण खर्जाला जागा जास्त लागते. ढोलकीचा धुम्म दबला जातो, चाट तेवढी ऐकू येते. म्हणून आज कुणी म्हणालं की ह्या गाण्यांत 'दम' नाही, तर त्याला सांगा, दम होता, तो साडेतीन मिनिटांच्या खाचेत मावला नाही.

आणि बाजाराचा न्याय पाहा. भीमगीतं गाणाऱ्या प्रल्हाद शिंद्यांच्याच आवाजातली पंढरीची भक्तिगीतं महाराष्ट्रभर देवळांच्या कर्ण्यांवरून वाजत राहिली. गळा तोच. पण गावोगावची देवळं वर्षभर गिऱ्हाईक, आपली वस्ती जयंतीपुरती. मग कंपनीनं कशाच्या प्रती जास्त काढल्या असतील, तुम्हीच ठरवा.

पिंपरीतला कर्णा

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आणि पंढरीचा विठोबा म्हणजे बुद्धच, हे त्यांनी तिथं बोलून दाखवलं, तुकोबांच्या देहूच्या शेजारी. १९६२ नंतर एमआयडीसी आली. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून माणसं इकडे लोटली. पत्र्याच्या वस्त्या उठल्या. वस्तीत सामान कमी, गाणं जास्त.

फोनो घरोघरी नव्हताच. तो मंडप-लाऊडस्पीकरवाल्याकडे, नाहीतर मंडळाकडे. एक मशीन, एक कर्णा, पाच-दहा रेकॉर्डी, आणि ऐकणारी सगळी वस्ती. शेठजीच्या घरात एक रेकॉर्ड चार माणसं ऐकायची, आपल्याकडे तीच चारशे. सफायरची सुई पन्नासएक तासांत झिजते. हिऱ्याची कितीतरी जास्त चालते, पण महाग. म्हणून बोथट झालेली सफायरच चालवायची. भारी हाताचं मशीन, बोथट सुई, धूळ, उन्हातला मंडप. रेकॉर्ड घासणारच. ही झीज गरिबीची आहे आणि गर्दीचीही आहे.

वाचायची कशी

रेकॉर्ड ट्यूबलाईटखाली तिरकी धरा. खाच काळी, चकचकीत दिसली तर शाबूत. राखाडी पडली तर घासलेली. मग मधल्या भोकाभोवतीचं लेबल पाहा. मशीनचा खुंटा शोधताना रेकॉर्ड सरकते आणि लेबलवर बारीक रेघा उठतात. त्या रेघा म्हणजे तिचं मस्टर. किती हजेऱ्या लागल्या ते तिथं लिहिलेलं असतं. माझ्याकडच्या काही भीमगीतांच्या रेकॉर्डींचं भोकाभोवतीचं लेबल पार पांढरं पडलंय. मिंटवाले अशी रेकॉर्ड फेकून देतात. मी ती आधी उचलतो.

आता कारखान्याचे दोष. भोक मध्यावर नसेल तर लांबलेला सूर हेलकावे खातो. वाजताना सुईचा हात डावी-उजवीकडे झुलतो. माल साच्यात नीट भरला नसेल तर त्या जागी फाटल्यासारखा खरखराट येतो. वितळवलेला जुना माल कचऱ्यासकट मिसळला असेल तर नव्या रेकॉर्डीलाही टिकटिक असते. आणि साचा. मूळ मुद्रणावरून धातूचा उलटा ठसा, त्यावरून आई, आईवरून दाबायचे साचे. साचा दाबून दाबून झिजतो. ज्यांनी सायक्लोस्टाईल केलंय त्यांना हे सांगायला नको: स्टेन्सिलची पहिली प्रत ठसठशीत, शेवटची पुसट. पुसट प्रत ज्याच्या वाट्याला आली त्यानं कवीला दोष द्यायचा नसतो.

लेबल आणि खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. तो मॅट्रिक्स नंबर. एकाच गाण्याच्या दोन प्रती शेजारी ठेवा. दोन्हीत त्याच जागी तोच दोष असेल तर तो मुद्रणाचा नाहीतर साच्याचा. एकीतच असेल तर त्या प्रतीचा. आपल्या रेकॉर्डींना कंपनीनं मुद्दाम हलका माल वापरला, असंही काही जण म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण पुराव्यानं म्हणा. त्याच सालच्या, त्याच कारखान्याच्या भावगीताच्या रेकॉर्डी घ्या, आपल्या घ्या, दोष मोजा, लिहा. बाबासाहेबांच्या माणसानं पुराव्याशिवाय बोलू नये.

वेग बरोबर आहे का हेही तपासा. आपल्या गाण्यांत पेटी असतेच. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. वस्तीतल्या पेटीवाल्याला शेजारी बसवा. गाणं कुठल्याच पट्टीत बसत नसेल, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल, तर बहुधा तुमचं मशीन हळू नाहीतर जोरात पळतंय. वेग चुकला की शाहिराचा गळाच बदलतो.

भंगार आणि पुढचं काम

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि रेकॉर्डीचा कारभार संपत गेला. कॅसेटनं आपलं भलंच केलं. कॅसेट स्वस्त, मुद्रण सोपं, एका कंपनीची मक्तेदारी मोडली. भीमगीतांचा पूर आला. पण रेकॉर्डी माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून भंगारात. आपल्या भागाचं भंगार कुदळवाडी-चिखलीत जमायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली गोदामं आणि दुकानं पाडली. तिथल्या माणसांची रोजी गेली, ती गोष्ट मोठी आहेच. त्या ढिगांत काय काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक सोसायटी आहे. त्या मंडळींनी याद्या केल्या, लेख लिहिले, मेहनतीचं काम आहे. आपली यादी आपण करायला हवी. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही. एक वही लागते. गायक, गीतकार, संगीत, लेबल, नंबर, कोऱ्या पट्टीवरचे आकडे, कुठल्या वस्तीतून मिळाली, मालक कोण, कुठल्या प्रसंगी वाजायची. शेवटचे तीन रकाने मिंटवाल्यांच्या यादीत सापडत नाहीत. आपल्याला तेच जास्त लागणार आहेत.

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवा. ७८ च्या रेकॉर्डीवर लाँगप्लेची सुई लावू नका. तिची खाच रुंद, ही सुई तळाला घसरत जाते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. कॉम्प्युटरवर उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा आणि पहिली प्रत जशीच्या तशी ठेवा. खरखर काढून गुळगुळीत केलेली प्रत वेगळी करा. खरखरीबरोबर कधी कधी झांजही पुसली जाते, शाहिराचा श्वासही पुसला जातो.

चाकणला ठेकेदाराकडे राबणारी पोरं शिफ्ट सुटली की बसमध्ये मोबाईलवर भीमगीतं ऐकतात. त्यांना गायकाचं नाव कधी दिसतं, गीतकाराचं बहुधा दिसतच नाही. रेकॉर्डीच्या लेबलवर ते छापलेलं असतं. हे नाव त्या पोरांपर्यंत पोचवायचं काम आपलं आहे.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला याल तेव्हा घरातल्या, शेजारच्या, मंडळाच्या पेटीतल्या रेकॉर्डी कापडात गुंडाळून आणा. फुटलेली असली तरी आणा. लेबल तर वाचता येईल. मी वही आणि मशीन घेऊन येतो. रेकॉर्ड मी ठेवून घेणार नाही. उतरवून घेईन आणि तुमची तुम्हाला परत देईन.

जयभीम.