उन्हाळ्याची सुटी, बडोद्याचे वाडे आणि आपल्या ट्रंका

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता आम्ही पंचवीस-तीस जण मांडवीखाली जमलो होतो. ऊन चढायच्या आत जुन्या शहरातून फिरत सूरसागरापर्यंत जायचे आणि शेवटी रावपुऱ्यात तांबेकर वाड्यासमोर थांबायचे, असा बेत होता. बरोबर आजी-आजोबा होते, सुटीला आलेली पुण्या-मुंबईची नातवंडे होती, दोन गुजराती शेजारी होते. वाड्यासमोर पोहोचल्यावर कोणीतरी सहज विचारले, "आतून किती जणांनी पाहिलाय?" हात वर आले ते सहा. बाकीच्यांत असेही होते ज्यांचा जन्म त्याच भागात झाला आणि ज्यांनी पन्नास वर्षे त्या दारावरून ये-जा केली.

मंडळाच्या उन्हाळी उपक्रमाची खरी सुरुवात आमच्या मते त्या सहा हातांपासून झाली. यंदाच्या चार फेऱ्या आणि चार संध्याकाळच्या व्याख्यानांचा हा वृत्तांत स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की नुसता वृत्तांत देऊन भागणार नाही. या उन्हाळ्यात आम्हाला जे कळले, ते सांगायला हवे.

उन्हाळा आणि व्याख्यान यांचे नाते आपल्या लोकांना नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकांना सवड असते, नातेवाईक एकमेकांकडे येतात आणि संध्याकाळी वारा सुटला की कोणालाही घरात बसवत नाही. अशा दिवसांत लोकांनी एकत्र बसून ऐकावे, विचारावे, वाद घालावा, ही त्यामागची साधी कल्पना. ती व्याख्यानमाला आजही चालू आहे.

त्याच १८७५ सालच्या मे महिन्यात आपल्या बडोद्यातही एक गोष्ट घडली. २७ मे रोजी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. अक्षरओळख उशिरा झालेल्या या राजाने १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवली जात. म्हणजे पुण्यात लोक व्याख्यानाला जात होते, तर बडोद्यात ज्ञान लोकांच्या दाराशी जात होते. आमच्या छोट्याशा उपक्रमाला या दोन्ही घरांचा वारसा आहे, असे म्हटले तर त्यात फार मोठेपणा घेतल्यासारखे होऊ नये.

आता तांबेकर वाड्याविषयी. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली वाडा बाहेरून आपल्याला ओळखीचा वाटतो. लाकडी खांब आणि तुळयांचा, पुण्या-साताऱ्याकडे शोभेल असा. आत गेले की मात्र भिंती बोलू लागतात. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे तिथे आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत, आणि मराठे व इंग्रज यांच्या लढाईचे चित्रही आहे. वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून तो उभा आहे. आम्ही आतून तो पाहिला वेगळ्या दिवशी, उघडा असण्याच्या वेळेत. एका आजोबांनी मान वर करून बराच वेळ चित्रे पाहिली आणि एवढेच म्हणाले, "एवढं जवळ होतं, आणि आम्ही अजिंठ्याला जाऊन आलो."

बाहेर आल्यावर चर्चा रंगली. सरकारने वाडा जपला, भिंती जपल्या, फलक लावला. पण या वाड्याच्या आसपास शंभर-दीडशे वर्षे जी माणसे राहिली, त्यांच्या घरांचे काय? दांडिया बाजारातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या, जुन्या शहरातल्या आपल्या घरांवर कोणता फलक लागणार? बरीचशी घरे विकली गेली आहेत, काही पडली, काहींच्या जागी पाच मजली इमारती आल्या. त्यात कोणाची चूक आहे असे नाही. भावंडे वाढतात, वाटण्या होतात, जुन्या लाकडाला वाळवी लागते, वरच्या मजल्यावर चढणे म्हातारपणी झेपत नाही. प्रत्येक घर जपणे कोणालाच शक्य नाही. मग नेमके काय जपायचे, हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला.

त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. आमच्या ओळखीच्या एका घराण्याने काही वर्षांपूर्वी जुने घर विकले. सामान आवरताना माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. दोन्हींत मोडीतले कागद. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. गडबडीत एक ट्रंक रद्दीबरोबर गेली. दुसरी राहिली, ती केवळ तिच्यावर गाद्यांचा ढीग होता म्हणून. ती यंदा मंडळात आली आणि आमच्या तिसऱ्या संध्याकाळचा विषयच ठरून गेला: मोडी कशी वाचावी.

शिकवणारे सद्गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी फळ्यावर आधी डावीकडून उजवीकडे एक लांब आडवी रेघ ओढली आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरे सोडत गेले. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुलांना ती लिपी नव्हे, कोडे वाटले, आणि कोडे म्हटल्यावर मुले पुढे सरकली. मग सन-तारखांची गंमत आली. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. ट्रंकेतल्या एका वहीत मात्र शके आणि संवत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले निघाले. आपले शक बदलते गुढीपाडव्याला, गुजरातचा संवत बदलतो दिवाळीनंतर. त्या घरातल्या कारकुनाने दोन्ही वर्षे सांभाळली होती. गुजरातेत राहून मराठीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दोन नववर्षे असणारच.

त्या वहीत काही राजकारण निघाले नाही. खलिता नाही, गुप्त मसलत नाही. गूळ, तेल, सुतळी, सुतारांची रोजमुरा मजुरी, सुईणीला दिलेले लुगडे, गणपतीच्या दिवसांतला नारळ-सुपारीचा खर्च. पण नावे वाचत गेलो तसतसे सगळे गप्प झाले. तेल देणारा घांची, मातीची भांडी देणारा कुंभार, कापड देणारा वोहरा व्यापारी. सगळी गुजराती नावे, मोडी अक्षरांत. एका गुजराती शेजाऱ्यांनी त्यातले एक आडनाव ओळखले आणि म्हणाले, "हे तर आमच्या पोळीतले." त्यांच्या घरी त्या काळाचा कागद एकही नव्हता. त्यांच्या पूर्वजांचे नाव दीडशे वर्षे आपल्या माणसाच्या ट्रंकेत बसून राहिले होते.

आम्ही इतकी वर्षे या कागदांना "आपला" वारसा म्हणत आलो. त्या संध्याकाळी कळले की ते या शहराचे आहेत. ते फक्त आपल्याकडे ठेवायला दिलेले होते.

चौथे व्याख्यान रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर ठेवले होते, ते याच संदर्भात अधिक भिडले. मराठ्यांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा सलग आलेख लिहिणारा हा माणूस पुण्यात बसून लिहीत नव्हता. १८८९ पासून १९२५ पर्यंत ते बडोद्यात सयाजीरावांच्या नोकरीत होते, राजपुत्रांना शिकवत होते. त्या अध्यापनासाठी जमवलेल्या टिपणांतून 'मराठी रियासत' वाढत गेली. निवृत्तीनंतर ते कामशेतला राहायला गेले आणि पुढे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. त्यांच्या आधी इतिहासाचार्य राजवाडे घरोघर, वाड्यावाड्यांतून हिंडून कागद गोळा करत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यातून उभे राहिले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ते कागद काही आकाशातून पडले नव्हते. कोणाच्या तरी माळ्यावरून, कोणाच्या तरी फडताळातून, कोणीतरी "घ्या, वाचा" म्हटले म्हणून ते आले. जिथे कोणी असे म्हटले नाही, तिथला इतिहास आज नाही.

उन्हाळ्यातल्या भाषेच्या वादाचाही उल्लेख करायला हवा. पहिल्या व्याख्यानाआधी समितीत बराच खल झाला. ज्येष्ठांचे म्हणणे, मराठी मंडळाचे व्याख्यान मराठीतच व्हावे. तरुणांचे म्हणणे, घरात आलेल्या सुना-जावयांना आणि शेजाऱ्यांना कळणार नसेल तर कोणासाठी बोलायचे? शेवटी व्याख्यान मराठीत आणि मग प्रश्नोत्तरे ज्याला जी भाषा येईल त्या भाषेत, असा मार्ग निघाला. खरे सांगायचे तर उत्तम प्रश्न गुजरातीत आले. एका बेननी सांगितले की त्यांच्या आजी आपल्या लोकांना "दक्षिणी" म्हणत आणि दक्षिण्यांच्या घरचे हळदीकुंकू त्यांना लहानपणी फार आवडे. या शहराची सेव-उसळ कोणाची, यावरही भरपूर वाद झाला; तो मिटला नाही, आणि मिटू नये असेच सगळ्यांना वाटले.

शेवटची फेरी कीर्तिमंदिराची होती. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूच्या आत नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. गंगावतरण आहे, महाभारताचे युद्ध आहे, मीरेचे जीवन आहे, रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा'तला प्रसंग आहे. गुजरातमधल्या शहरात, मराठी राजघराण्याच्या स्मारकात, बंगाली चित्रकाराची चित्रे. तिथे उभे राहिल्यावर बडोदे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मंडळाचे मागणे. वास्तू जपणे हे सरकारचे, महानगरपालिकेचे, जाणकारांचे काम आहे. आपण त्यांच्या पाठीशी उभे राहू शकतो. पण त्या वास्तूंत कोण राहिले, काय खाल्ले, कोणाकडून तेल घेतले, कोणाशी भांडले, कोणाच्या लग्नात कोण वाढायला होते, हे फक्त आपल्या घरांत आहे, आणि ते दर वर्षी थोडे थोडे कमी होते आहे. म्हणून तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, माळा आवरताना मोडीतला किंवा जुना कोणताही कागद रद्दीत टाकू नका. मंडळाला कळवा, तो वाचला जाईल, त्याचे छायाचित्र घेतले जाईल आणि मूळ कागद तुम्हाला परत मिळेल. दुसरी, जुन्या फोटोंच्या पाठीमागे आजच नावे लिहा, शिसपेन्सिलीने, अलगद. पन्नास वर्षांनी त्या फोटोतली आत्या कोण होती हे सांगणारे कोणी नसेल. तिसरी, घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ बसा आणि फोन चालू करून त्यांना बोलू द्या. प्रश्न मोठे नकोत. "तुमच्या लहानपणी गणपती कुठून आणायचे?" एवढे पुरे.

पुढच्या उन्हाळ्यात मोडीचा वर्ग आठवड्यातून दोनदा भरेल. यंदा ज्या तेरा मुलांनी नावे दिली आहेत, त्यांत चौघे गुजराती घरांतले आहेत.

आपण ज्याची स्थापना करतो तो देव व्यासांचा लेखनिक होता. सांगणारा सांगत होता आणि गणपती लिहून घेत होता, म्हणून महाभारत आपल्यापर्यंत आले, अशी आपली श्रद्धा आहे. पहिली ट्रंक गेली. तिच्यात काय होते ते आता कोणीही सांगू शकणार नाही. दुसरी मंडळाच्या कपाटात आहे. तिसरी कदाचित तुमच्या माळ्यावर असेल. यंदा आरती झाल्यावर घरी जाल, तेव्हा एकदा वर चढून पाहा.

गणपती बाप्पा मोरया.